एकाच वाटीत चौघांचे जेवण?

तुमच्यापैकी कोणाकडे पांढरा ससा असेल, कोणाकडे हॅमस्टर असेल. कोणाच्या घरी गिनीपिगची जोडी असेल, तर कोणी हौसेने पांढरे उंदीर पाळले असतील. चारही प्राणी पिंजऱ्यात राहतात, चौघांचेही पुढचे दात मोठे, चौघेही सदा काहीतरी कुरतडत असतात. म्हणून पुष्कळ घरांत चौघांची बडदास्तही सारखीच ठेवली जाते. एका वाटीत भिजवलेले हरभरे, पोळीचा तुकडा, गाजराचे काप आणि लाडात आले तर एखादे बिस्किट!

ही वाटी उंदरापुढे ठेवली तर तो ती संपवील आणि निदान काही दिवस तरी त्याचे फारसे बिघडणार नाही. हॅमस्टर तिच्यातले निम्मे गालांत भरून कोपऱ्यात नेऊन लपवील. गिनीपिग केवळ हरभरे, पोळी आणि बिस्किटे यांवर राहिला तर काही आठवड्यांतच त्याचे सांधे दुखू लागतील. आणि ससा? ससा कित्येक महिने ठणठणीत दिसेल. मग एके दिवशी तो खाणे सोडील, कोपऱ्यात मान घालून बसेल आणि दुसऱ्या दिवशी कदाचित मेलेला आढळेल. घरची माणसे म्हणतील, ‘ससा नाजूकच असतो. थंडी बाधली असेल.’

थंडी बाधलेली नसते. बाधलेली असते ती वाटी.

‘पण त्याला बिस्किट फार आवडायचे!’ असे उत्तर यावर नेहमी मिळते. आवड हा आहाराच्या बाबतीत भरवशाचा सल्लागार नव्हे. सशाच्या रानातल्या पूर्वजांना गोड आणि पिठूळ पदार्थ क्वचितच मिळत; मिळाला की तो सोडायचा नाही, ही सवय त्यांच्या रक्तात आहे. प्राण्याला काय मानवते हे सांगणारे खरे साक्षीदार दोन : त्याचे दात आणि त्याचे आतडे. या दोघांची आज उलटतपासणी करू.

पटाशीचे दात आणि दाढा

उंदीर, घूस, खार, साळिंदर, हॅमस्टर आणि गिनीपिग हे सारे कृंतक गणातले, म्हणजे कुरतडणारे प्राणी. त्यांच्या वरच्या जबड्यात दोन आणि खालच्या जबड्यात दोन असे चार पटाशीचे दात असतात. दाताच्या पुढच्या बाजूला कठीण दंतवल्काचा थर असतो, मागची बाजू त्यामानाने मऊ असते. मागची बाजू लवकर झिजते, पुढची मागे राहते आणि दाताला आपोआप धार येते. सुताराला पटाशी दगडावर घासावी लागते. उंदराची पटाशी वापरता वापरताच परजली जाते.

ससा मात्र या गणातला नाही. त्याचा वरचा ओठ हळूच उचलून पाहिला तर दोन मोठ्या दातांच्या मागे आणखी दोन छोटे, खुंट्यांसारखे दात दिसतील. या व इतर फरकांवरून १९१२ मध्ये गिडली या अमेरिकन शास्त्रज्ञाने ससे व त्यांचे नातेवाईक यांचा स्वतंत्र गण मानावा असे सुचवले. आज आपण त्याला शशक गण म्हणतो. (जाता जाता एक गोष्ट : पाळीव ससा हा मूळचा युरोपातला, बिळात राहणारा प्राणी आहे. आपल्या माळरानावर दिसणारा तपकिरी ससा निराळा. तो वन्य प्राणी आहे. त्याला पकडून पाळणे कायद्याने गुन्हा आहे आणि पिंजऱ्यात तो सहसा जगतही नाही. खारीचेही तसेच.)

सशाचे पटाशीचे दात आठवड्याला सुमारे दोन मिलीमीटर वाढतात, म्हणजे न झिजले तर वर्षात दहा सेंटिमीटरांच्या पुढे जातील! ही गोष्ट पुष्कळांना माहीत असते, आणि म्हणून पिंजऱ्यात लाकडाचा ठोकळा टाकला की आपले कर्तव्य संपले असे त्यांना वाटते. लाकूड कुरतडताना झिजतात ते पुढचे दात. दाढांचे काय?

महत्त्वाचा फरक इथेच आहे. उंदीर आणि हॅमस्टर यांच्या दाढा आपल्या दाढांसारख्या असतात; एकदा आल्या की वाढत नाहीत. ससा आणि गिनीपिग यांच्या दाढा मात्र जन्मभर वाढतच राहतात. एवढ्या एका गोष्टीवरून चौघांच्या दोन पंगती वेगळ्या पडतात. पहिली पंगत दाणे खाणाऱ्यांची, दुसरी गवत खाणाऱ्यांची.

गवताच्या पात्यात सिलिका, म्हणजे वाळूतले द्रव्य, बारीक कणांच्या रूपाने असते. हरळीचे किंवा मारवेलचे पाते बोटांतून उलटे ओढले की बोट कापते, ते काही उगीच नव्हे. असे गवत खाणारा ससा खालचा जबडा आडवा, जात्याच्या पाळीसारखा फिरवतो आणि एकेक पाते दळत बसतो. दिवसातले कित्येक तास हे दळण चालते, आणि त्या दळणाने दाढा जेवढ्या वाढतात तेवढ्याच झिजतात. त्याच सशाला बिस्किट देऊन पाहा. चार वेळा वरखाली तोंड हलले की बिस्किट पोटात! दाढा घासल्या गेल्याच नाहीत. अशा आहारावर काही महिने गेले की दाढांच्या कडांना अणकुचीदार टोके फुटतात. खालच्या दाढांची टोके जिभेत रुततात, वरच्यांची गालात. तोंडातून लाळ गळू लागते, हनुवटीचे केस ओले राहतात. भूक असूनही प्राण्याला खाता येत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला पुढचे दात छान दिसतात, म्हणून दातांचा संशयही येत नाही.

सशाचे दुसरे जेवण

आता दुसरा साक्षीदार. गवताचा मोठा भाग सेल्युलोजचा असतो. सेल्युलोज फोडणारे विकर गाय, म्हैस, ससा यांपैकी कोणाचेच शरीर स्वतः तयार करीत नाही. ते काम जीवाणू करतात आणि प्राणी त्यांना राहायला जागा देतो. गाईने ही जागा पुढे, पहिल्या पोटात दिली आहे. सशाने ती पाठीमागे दिली आहे. लहान आणि मोठे आतडे जिथे मिळतात तिथे सशाला एक मोठी पिशवी असते. तिचे दुसरे टोक बंद असते, म्हणून तिला अंधनाल म्हणतात. माणसाचा हा भाग अगदी छोटा असतो. सशात मात्र तो जठराच्या कित्येक पट मोठा असून अन्नमार्गातला सर्वांत मोठा अवयव आहे.

पण एक अडचण आहे. अन्नरस शोषून घेण्याचे मुख्य काम लहान आतड्याचे, आणि जीवाणूंचा कारखाना त्याच्या पुढे! तिथे तयार झालेली प्रथिने आणि ब गटातली जीवनसत्त्वे शोषली जाणार कशी? गाडी स्टेशन सोडून पुढे गेल्यावर माल चढवण्यातलाच हा प्रकार. सशाने यावर काढलेला तोडगा असा की, गाडी पुन्हा एकदा त्याच स्टेशनावरून न्यायची.

सशाच्या लेंड्या तुम्ही पाहिल्या असतील. कोरड्या, गोल, हिरवट-तपकिरी. या नेहमीच्या लेंड्या. दिवसातून एकदोनदा, निवांत बसलेला असताना, ससा दुसऱ्या प्रकारच्या लेंड्या टाकतो. त्या मऊ, चकचकीत आणि द्राक्षाच्या घोसासारख्या एकमेकींना चिकटलेल्या असतात. पण आपल्याला त्या सहसा दिसत नाहीत, कारण ससा मान खाली घालून त्या गुदद्वारातूनच तोंडात घेतो आणि न चावता गिळतो. अंधनालात तयार झालेला हा सारा पौष्टिक माल अशा रीतीने दुसऱ्यांदा लहान आतड्यातून जातो. मोरो या फ्रेंच पशुवैद्याने १८८२ मध्ये या गोष्टीचे वर्णन केले. नाक मुरडण्याचे काही कारण नाही. गाय रवंथ करते तेव्हा तीही खाल्लेले पुन्हा तोंडात आणते. सशाचा मार्ग थोडा लांबचा, इतकेच.

या व्यवस्थेत एक चाळणी आहे, आणि आहाराच्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला गवताचे जाड तंतू आणि बारीक कण वेगळे केले जातात. बारीक कण व पातळ भाग उलटा अंधनालात ढकलला जातो. जाड तंतू पुढे जाऊन कोरड्या लेंड्या होतात. म्हणजे जाड तंतूंचा पोषणासाठी जवळजवळ काही उपयोग नाही. तरीही ते नसतील तर सगळे यंत्र बंद पडते, कारण आतड्याला हालचाल करण्याची चालना त्यांच्यापासूनच मिळते. पोषण शून्य आणि तरी अत्यावश्यक, असा हा पदार्थ आहे. कमी खर्चात ‘जास्त ताकदीचे’ अन्न देऊ पाहणाऱ्या पालकांना हेच पटवणे सर्वांत अवघड जाते.

तंतू कमी आणि पिष्टमय पदार्थ जास्त, म्हणजे पोळी, पाव, भात, बिस्किट, हरभरे असा आहार झाला की काय होते पाहा. आतड्याची हालचाल मंदावते. न पचलेले पीठ अंधनालात पोहोचते आणि तिथल्या उपयोगी जीवाणूंऐवजी वायू व विष निर्माण करणारे जीवाणू माजतात. लहान पिल्लांत तर हे फार झपाट्याने घडते. सशाला उलटी करता येत नाही, त्यामुळे बिघडलेले अन्न बाहेर टाकण्याची वाट बंद. पोट फुगते, दुखते. दुखते म्हणून ससा खात नाही, आणि खात नाही म्हणून आतडे आणखी मंदावते. या चक्रात यकृतात चरबी साठू लागते. म्हणूनच ससा दहा-बारा तास काहीही खात नसेल किंवा त्याच्या लेंड्या बंद झाल्या असतील, तर ‘उद्या बघू’ म्हणून चालत नाही. त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे लागते. घरातले माणसाचे औषध तर चुकूनही देऊ नये. पेनिसिलिनसारखी प्रतिजैविके तोंडावाटे दिली तर ससा आणि गिनीपिग यांच्या अंधनालातले चांगले जीवाणूच मरतात आणि पाठोपाठ प्राणीही.

आणखी एक खूण सांगतो. पिंजऱ्यात मऊ, चिकट लेंड्या पडलेल्या दिसल्या तर घरची माणसे ‘जुलाब झाले’ असे समजतात. पुष्कळदा तो जुलाब नसतो. आहार फार जड झाल्यामुळे किंवा लठ्ठपणामुळे वाकता न आल्याने सशाने आपले दुसरे जेवण टाकून दिलेले असते. अशा वेळी औषधापेक्षा वाटी आधी तपासावी.

मग सशापुढे ठेवायचे काय?

गवत. दिवसाचे चोवीस तास, कधीही संपणार नाही इतके. सशाच्या अंगाएवढा गवताचा ढीग रोज लागतो असे धरून चाला. एकूण आहाराचा चार-पंचमांशाहून अधिक भाग गवताचा हवा. ताजेही चालते, पण बारमाही भिस्त वाळक्या गवतावर ठेवणे सोयीचे.

दुकानांत परदेशी ‘टिमोथी’ गवताच्या पिशव्या मिळतात. (हॅन्सन नावाच्या अमेरिकन शेतकऱ्याचे हे पाळण्यातले नाव, त्याने या गवताचा प्रसार केला.) गवत उत्तमच आहे, पण ते थंड प्रदेशातले आणि आपल्याकडे महाग. सशाच्या दाढांना पाते अमेरिकेतले की सासवडचे याच्याशी कर्तव्य नसते. हरळी, मारवेल, ओटाचा वाळवलेला चारा ही आपली गवते तेच काम करतात. भाताचा पेंढा अंथरायला ठीक, पण त्यात पोषण फार थोडे. कोवळ्या ज्वारीचे पोंगे खाऊन गुरांना विषबाधा होते हे शेतकऱ्यांच्या मुलांना माहीत असते. ते सशालाही घालू नयेत. रस्त्याच्या कडेचे, औषध फवारलेल्या शेताच्या बांधावरचे आणि कुत्र्यांचा वावर असलेल्या जागेतले गवत टाळावे. पावसाळ्यात गवताला बुरशी लागते, विशेषतः कोकणात. वास कुबट आला की सगळी पेंडी फेकून द्यावी, वरचे वरचे काढून खाली चांगले असेल अशा आशेत राहू नये.

बुरशीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. १९६० मध्ये इंग्लंडात एक लाखाहून अधिक टर्की पक्षी थोड्याच महिन्यांत मेले. शोध घेता त्यांच्या खाद्यातली भुईमुगाची पेंड बुरसलेली होती असे आढळले आणि त्यातून ‘अफ्लाटॉक्सिन’ या विषाचा पत्ता लागला. ससा या विषाला फार लवकर बळी पडतो. खवट शेंगदाणे ‘माणसांना नकोत, जनावरांना घाला’ या न्यायाने पिंजऱ्यात जातात, ते थांबवले पाहिजे.

लसूणघासाबद्दल दोन शब्द. हा हिरवा चारा ससे आवडीने खातात आणि त्यात प्रथिने भरपूर असतात. वाढत्या पिल्लांना आणि पिल्लांना पाजणाऱ्या मादीला तो चांगला. पण त्यात कॅल्शियमही फार असते. बहुतेक सस्तन प्राणी आतड्यातून गरजेपुरतेच कॅल्शियम घेतात. ससा मात्र आहारात असेल त्या प्रमाणात ते रक्तात घेतो आणि जास्तीचे लघवीतून टाकतो. सशाची लघवी पुष्कळदा दुधी, गढूळ दिसते ती यामुळेच. मोठ्या सशाला रोज लसूणघास घातला तर मूत्राशयात खडूसारखा गाळ किंवा खडे होण्याची भीती असते. तेव्हा सहासात महिन्यांनंतर तो फक्त कधीमधी.

गवताच्या जोडीला रोज मूठ-दोन मूठ पालेभाजी. कोथिंबीर, मुळ्याचा पाला, गाजराचा पाला, फ्लॉवरची बाहेरची पाने, पुदिना, शेपू. भाजीवाल्याकडे यातले निम्मे फुकटच मिळते. स्वच्छ धुऊन, पाणी निथळून द्यावे. पालक आणि चुका यांत ऑक्झॅलेटे असतात, म्हणून अगदी थोडे. कोबीने काही सशांना वायू धरतो. अळू देऊच नये. आपणही ते शिजवून, चिंच घालून खातो ते उगाच नाही. कांदा, लसूण, बटाट्याचे कोंब, टोमॅटोचा पाला, कण्हेर, घाणेरी, धोत्रा, रुई ही सारी वर्ज्य.

आणि गाजर? चित्रांतल्या सशाच्या हातात ते शोभून दिसते, पण रानातला ससा कंदमुळे उकरून त्यांवर गुजराण करीत नाही. तो पाने खातो. गाजरात साखर बरीच असते. दोन बोटे रुंदीचा काप, आठवड्यातून दोनतीनदा, मिठाई म्हणून द्यावा. गाजराचा पाला मात्र खुशाल रोज.

विकत मिळणाऱ्या गोळीखाद्याचे प्रमाण वजनामागे धरावे. मोठ्या सशाला एका किलोग्रॅम वजनामागे दिवसाला २५ ग्रॅमच्या वर नको, म्हणजे दोन किलोच्या सशाला ५० ग्रॅम पुष्कळ झाले. पिशवीवरचा मजकूर वाचायची सवय लावून घ्या. ‘क्रूड फायबर’ या शब्दांपुढे १८ टक्के किंवा जास्त आकडा असावा. मांसासाठी वाढवल्या जाणाऱ्या सशांचे खाद्य वजन लवकर वाढावे म्हणून बनवलेले असते. आपला ससा आठदहा वर्षे जगावा अशी आपली इच्छा असते. दोन्ही उद्देश एका पोत्यात बसत नाहीत. कोंबड्यांचे खाद्य तर नकोच, कारण त्यात मिसळलेली काही औषधे सशांना विषारी ठरतात. रंगीबेरंगी दाणे, वाटाण्याच्या चकत्या आणि मक्याच्या लाह्या यांचे मिश्रण दुकानात सर्वांत आकर्षक दिसते. ससा त्यातले गोड व पिठूळ तेवढे वेचतो आणि तंतू असलेल्या गोळ्या तशाच ठेवतो. एडिंबरो विद्यापीठात सशांच्या काही गटांना निरनिराळे आहार दीर्घकाळ देऊन पाहण्यात आले, तेव्हा असे मिश्रण मिळणारे ससे गवत कमी खातात, लठ्ठ होतात आणि त्यांच्या दातांत बिघाड होतो असेच दिसून आले.

आहार बदलायचा झाला तर आठदहा दिवस घेऊन, जुने थोडे कमी आणि नवे थोडे जास्त, असा बदलावा. जीवाणूंची वस्ती एका रात्रीत बदलत नाही.

गिनीपिगची उणीव

गिनीपिग हा गिनीचा नव्हे आणि डुक्कर तर मुळीच नव्हे. तो दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताच्या परिसरातला. त्याच्या दाढा वाढत्या, त्याचे अंधनाल मोठे. म्हणून गवताबद्दल वर जे जे सांगितले ते सारे त्यालाही लागू. त्याखेरीज त्याची एक स्वतःची उणीव आहे, आणि तिची कथा विज्ञानाच्या इतिहासात मोलाची ठरली.

१९०७ मध्ये नॉर्वेतले आक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिश हे दोघे खलाशांना होणाऱ्या बेरीबेरीसारख्या रोगाचा अभ्यास करीत होते. प्रयोगासाठी त्यांनी गिनीपिग निवडले आणि त्यांना केवळ धान्य व पाव यांवर ठेवले. बेरीबेरी झाला नाही. झाली ती स्कर्व्ही : हिरड्या सुजल्या, दात हलू लागले, हाडांच्या टोकांशी रक्तस्राव झाला. कोबी किंवा लिंबाचा रस दिला की हे होत नसे. माणसाखेरीज दुसऱ्या प्राण्यात प्रयोगाने स्कर्व्ही घडवता आली ती ही पहिलीच. दोघांनी गिनीपिगऐवजी उंदीर निवडले असते तर त्यांना स्कर्व्हीचा मागमूसही लागला नसता. कारण उंदीर आपल्या यकृतात ग्लुकोजपासून क जीवनसत्त्व तयार करतो. ससाही करतो, हॅमस्टरही करतो. गिनीपिगच्या शरीरात या साखळीतले शेवटचे विकर बनत नाही. माणूस आणि माकडे यांचीही तीच गत आहे. १९३२ मध्ये सेंट-ड्यॉर्डी यांच्या प्रयोगशाळेत क जीवनसत्त्वाची ओळख पटवली गेली तीही गिनीपिगांच्याच साहाय्याने.

तेव्हा गिनीपिगला क जीवनसत्त्व रोज मिळाले पाहिजे : एका किलो वजनामागे सुमारे १० मिलिग्रॅम, आणि गाभण मादीला ३० मिलिग्रॅमपर्यंत. परदेशी पुस्तकांत यासाठी ढोबळी मिरची सांगितलेली असते. ती चांगलीच. पण आपल्याकडे पेरू आहे! १०० ग्रॅम पेरूत २०० मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व असते. म्हणजे लहानशी फोड पुरे. फळात साखर असते म्हणून फोड लहानच ठेवावी आणि एरवी रोजची कोथिंबीर चालू द्यावी. तिच्यातही ते भरपूर आहे. पाण्यात गोळी विरघळवून देण्यात अर्थ नाही. ते जीवनसत्त्व पाण्यात, उजेडात लवकर नष्ट होते. गोळीखाद्यातलेही साठवणीत कमी होत जाते. म्हणून गिनीपिगच्या खाद्याच्या पिशवीवरची तारीख पाहावी आणि साधारण तीन महिन्यांपलीकडचे खाद्य घेऊ नये. सशाचे खाद्य गिनीपिगला घालणारे अनेक असतात. दिसायला दोन्ही गोळ्या सारख्या, पण सशाच्या गोळीत क जीवनसत्त्व घातलेले नसते, कारण त्याला त्याची गरजच नाही.

उंदीर आणि हॅमस्टर

दाणे खाणाऱ्या पंगतीचे काम सोपे आहे. उंदीर जवळजवळ सर्व काही खातो. तो माणसाच्या घरात हजारो वर्षे नांदला तो याच गुणावर. आहारशास्त्राने त्याच्याकडून काम करून घेतले तेही त्यामुळेच. १९१२ मध्ये केंब्रिजच्या हॉपकिन्स यांनी लहान उंदरांना शुद्ध प्रथिन, पीठ, साखर, चरबी आणि क्षार असा ‘पूर्ण’ वाटणारा आहार दिला. त्यांची वाढ खुंटली. त्यातल्याच काहींना रोज दोनतीन घनसेंटिमीटर दूध जास्त दिले, ते भराभर वाढले. पुढे ज्यांना जीवनसत्त्वे हे नाव मिळाले, त्या द्रव्यांचा हा मोठा पुरावा होता. आपल्या देशात नीलगिरीतल्या कुन्नूर येथे रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी १९२० नंतरच्या दशकात उंदरांच्या गटांना शीख, पठाण, मराठी, गुरखा, कानडी, बंगाली, मद्रासी अशा निरनिराळ्या लोकांचे आहार घातले. पोळी, दूध, लोणी, डाळ आणि ताज्या भाज्या असलेल्या शीख आहारावरचे उंदीर सर्वांत धट्टेकट्टे झाले. सडलेल्या तांदळावर भर असलेल्या मद्रासी आहारावरचे सर्वांत किरकोळ. मराठी आहार तिसऱ्या क्रमांकावर आला! तीच प्रयोगशाळा पुढे १९५८ मध्ये हैदराबादला गेली आणि आज ती राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते.

पाळीव उंदराला धान्ये, थोडी डाळ, भाजी आणि अधूनमधून उकडलेल्या अंड्याचा तुकडा असा मिश्र आहार द्यावा. त्याचा धोका वेगळा आहे : जास्त खाणे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात मॅके यांनी १९३५ मध्ये दाखवून दिले की, पोषक घटक पुरेसे पण एकूण अन्न कमी मिळालेले उंदीर भरपेट खाणाऱ्यांपेक्षा जास्त जगतात. फरसाण आणि वेफर्स यांवर वाढलेला उंदीर म्हणूनच लवकर म्हातारा होतो.

हॅमस्टरचे गाल म्हणजे कोठारे. सीरियातल्या अलेप्पोजवळ १९३० मध्ये अहरोनी या प्राणिशास्त्रज्ञाने खणून काढलेल्या एका मादीच्या पिल्लांपासून आजचे बहुतेक सोनेरी हॅमस्टर आले आहेत. ओसाड मुलखातला प्राणी. मिळेल तेव्हा भरायचे आणि बिळात साठवायचे ही त्याची रीत. त्यामुळे हॅमस्टरची रिकामी वाटी काहीच सांगत नाही. वाटी भरण्याआधी त्याचे कोठार पाहावे. बी-दाण्यांना हात लावू नये, पण काकडी-भाजीचे सडू लागलेले तुकडे काढून टाकावेत. सूर्यफुलाच्या बिया तो आधी वेचतो. त्यांत निम्म्याच्या आसपास तेल असते, म्हणून दिवसाला दोनचारच मोजून. बुटक्या जातीच्या हॅमस्टरांत मधुमेह आढळतो, त्यांना फळे जवळजवळ नकोतच.

पाणी मात्र चौघांनाही सारखेच : स्वच्छ आणि कायम समोर. एप्रिल-मे महिन्यांत सशाचे पाणी दिवसातून दोनदा तरी पाहावे. पाणी संपले की तो गवतही खाईनासा होतो.

पाहण्यासारखे आणि मोजण्यासारखे

प्राण्याला मुद्दाम वाईट अन्न देऊन परिणाम पाहण्याचा प्रयोग कोणीही करू नये. त्याची उत्तरे वर आलीच आहेत. त्याला धक्काही न लावता करता येण्याजोगे निरीक्षण असे : सशाची एक कोरडी लेंडी बशीत पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी सुईने सोडवून भिंगाखाली पाहा. गवताच्या काड्यांचे तुकडे स्पष्ट दिसतील. गवत भरपूर खाणाऱ्या सशाची लेंडी मोठी, फिकी आणि चुरगळली तर भुशासारखी होते. पोळी-बिस्किटे खाणाऱ्याची लहान, काळपट आणि घट्ट.

दुसरे काम शिक्षकांच्या मदतीने गटाने करावे. सकाळी गवत वजन करून ठेवा, दुसऱ्या दिवशी उरलेले वजन करा. प्राण्याचे वजन दर रविवारी, ठरलेल्या वेळी, स्वयंपाकघरातल्या काट्यावर टोपलीत बसवून घ्या. दोन्ही आकडे एकाच आलेखावर मांडा. मोठ्या सशाचे वजन सहसा फारसे हलत नाही. ते लागोपाठ दोन रविवारी उतरले, किंवा वजन तेच असून गवताची रेघ खाली आली, तर दाढांना टोके फुटली असण्याचा संभव आहे. प्राणी अजून खात असतो, उड्या मारत असतो, घरात कोणाला शंकाही आलेली नसते. तो आलेख घेऊनच पशुवैद्याकडे जा आणि ‘पुढचे दात नकोत, दाढा पाहा’ असे सांगा.